हँडब्रेक ओढणारी एकटी

आमच्या घरात आणि सासरवाडीत मिळून गाडी चालवणारे सहा जण आहेत. त्यांपैकी हँडब्रेक ओढणारी एकटी माझी बायको. आम्ही बाकीचे पाचही जण गाडी गिअरमध्ये टाकतो आणि जागा उताराची असेल तर चाकामागे धोंडा लावतो. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. उसाच्या ट्रॉल्या अशाच उभ्या असतात, त्या बघत आम्ही मोठे झालो. माझ्या मेव्हण्याच्या मते हँडब्रेक ही गाडी विकताना गिऱ्हाइकाला दाखवायची वस्तू आहे.

बायको गाडी शिकली ती चाळिशी उलटल्यावर, रीतसर क्लास लावून. तिथे तिच्याकडून क्रम पाठ करून घेतला होता: पायाचा ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, मग इंजिन बंद. तो क्रम ती मोडत नाही. धोंड्याला तर ती हातही लावत नसे. "धोंडाच लावायचा तर बैलगाडी घ्यायची की," असं तिचं म्हणणं.

ती गाडी शिकली तिच्या आईसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. त्या पेठ वडगावला एकट्या राहतात. गेल्या वर्षी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात, पण ओट्याशी उभं राहणं होत नाही. मेव्हण्याचं घर आणि पाइपांचं दुकान उचगावला आहे. तिथे जायला त्या तयार नाहीत, कारण वडगावची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, दारातून दिसते. सकाळचं मेव्हणा बघतो. संध्याकाळचं जेवण आठवड्यातले चार दिवस त्यांच्या शेजारच्या चुलत जाऊबाई देतात, तीन दिवस आमच्याकडे. आणि सासूबाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सूर्य बुडाला की जेवण संपलं, मग ताट समोर वाढलेलं असलं तरी. मधुमेहाच्या गोळ्या जेवणानंतरच्या, त्याही मग राहतात.

बायको शाळेच्या ऑफिसात काम करते, दुपारी सुटते. आमच्या कळंब्याहून वडगावला जायचं म्हणजे सगळं कोल्हापूर ओलांडून हायवेला लागायचं. एसटीनं दोन गाड्या बदलाव्या लागतात. मला तेव्हा सोडायला जाता येत नाही, फौंड्रीत माझी पाळी सहाला संपते. म्हणून मेव्हण्यानं नवी गाडी घेतली तेव्हा त्याची जुनी आम्ही घेतली. देताना त्यानं एकच अट घातली, देखभाल तो बघणार. गाडीवर त्याचा जीव होता. यंदा दसऱ्याआधी तो ती घेऊन गेला आणि धुऊनबिऊन, हार घालण्याजोगी करून परत आणून दिली.

दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका रविवारी सकाळी बायको दळण घेऊन आली. मेव्हणा आमच्याकडे आलेला होता; आम्ही दोघे आत चहा घेत होतो. आमची गल्ली उताराची आहे. तिनं नेहमीप्रमाणे दारासमोर गाडी लावली, डिकीतून पिठाचा डबा काढला, डिकी आपटली. ही डिकी आपटल्याशिवाय लागत नाही. डबा घेऊन ती उंबऱ्यात आली, आणि तिच्या पाठीमागे गाडी निघाली.

मी खिडकीतून पाहिलं. गाडी आवाज न करता, मागच्या मागे, माणूस चालतो त्या वेगानं उतरत होती. पुढे वेग वाढला. गल्लीच्या खालच्या टोकाला एका बांधकामाची वाळू पडलेली आहे, त्या ढिगात मागची चाकं रुतली आणि गाडी थांबली. ढिगापलीकडे दारात एक काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सूप मांडीवर तसंच धरून म्हणाल्या, "आगं, माझ्याकडंच यायली हुती व्हय गाडी? मी म्हटलं, चहाला यायलीया."

सगळ्यांत आधी मेव्हणा पोचला. त्यानं दार उघडलं, आत वाकला आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मग चाकांना धोंडे लावले. मग वळून बहिणीला म्हणाला, "आक्का, ओढलाच न्हाईस की गं."

मी विचारलं, "तू हात घातलास तेव्हा लिव्हर वर होता का खाली?"

"ते कोण बघतंय दाजी? दिसला, ओढला."

"गाडी तर थांबलेलीच होती."

"थांबली हुती. पन परत निघाली आसती तर?"

म्हणजे एकच पुरावा होता आणि तो त्यानं घाईत पुसून टाकला. चूक म्हणता येणार नाही. कोणीही तेच केलं असतं.

बायको अजून पिठाचा डबा कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "रोज ओढतो. आज ओढला का, ते मला आठवंना झालंय."

हे खरं बोलणं तिच्या अंगलट आलं. दुपारपर्यंत दोन्ही घरांत पक्कं झालं की ती विसरली. जो तो तिला गिअर आणि धोंडा समजावू लागला. मेव्हणा जेवताना म्हणाला, "तुझ्या क्लासवाल्याला सांग, पुण्यामुंबईचं हितं चालत न्हाई. कोल्हापुरात शिकवायचं आसंल तर पैल्या दिवशी हातात धोंडा द्यायचा."

जेवण झाल्यावर तिनं किल्ली खुंटीला अडकवली आणि मला म्हणाली, "मी ओढला हुता का न्हाई, ते कळल्याबिगर मी गाडीत बसणार न्हाई. विसरलो आसलो तर माझ्या हातात गाडी नको. आज वाळू हुती. उद्या पोरगं आसंल."

मी किल्ली खुंटीवरच राहू दिली.

त्या आठवड्यात ती एसटीनं गेली. पहिल्या दिवशी वेळेत पोचली. दुसऱ्या खेपेला हायवेवर गाड्यांची रांग लागली आणि ती घरात शिरली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "डबा झाकून ठेव. सकाळी खातो." तिनं गोळ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "एक दिवस न्हाई घेतल्या तर काय हुतंय?" पुढच्या खेपेलाही तसंच झालं. मेव्हण्यानं आपला दुकानातला माणूस पाठवतो म्हणून सांगितलं, पण दुकान सोडायची त्याची वेळ आणि सूर्याची वेळ जमेना.

माझं काम फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासण्याचं. गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. घरी बायको म्हणते की मी भाकरीसुद्धा गेजमध्ये घालून बघेन. मी ठरवलं की या प्रश्नाचे दोन भाग करायचे. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी उतारावर थांबते का, हा पहिला. तिनं तो ओढला होता का, हा दुसरा. दुसऱ्याला हात घालायची सोय नव्हती, म्हणून पहिला घेतला.

पुढच्या रविवारी त्याच जागी गाडी लावली. मागच्या चाकांच्या मागे वीतभर अंतर सोडून विटा ठेवल्या, म्हणजे सुटली तरी तेवढीच जाईल. न्यूट्रल केली आणि हँडब्रेक ओढला. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं की पाच ते आठ खटक्यांत लिव्हर घट्ट व्हायला हवा. आमचा अकराव्या खटक्याला कसाबसा झाला. मी पायाचा ब्रेक सोडला. गाडी थांबली. उतरलो, मागे गेलो आणि डिकी आपटली. गाडी हलली, हळूहळू मागे आली आणि विटांना टेकली.

पुन्हा केलं. सगळा जोर लावून ओढला. पुन्हा तेच झालं. आपटल्याशिवाय नुसती ठेवली तर थोडा वेळ थांबायची, आपटली की सुटायची.

बायको दारातून बघत होती. मी म्हणालो, "ओढला असला तरी गाडी जाते."

ती म्हणाली, "मग आधी दुरुस्त करा."

उचगावला मेव्हण्याच्या दुकानाजवळ एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. मेव्हण्याची त्याच्याशी दोस्ती. मी सांगितलेलं मिस्त्रीनं निम्मं ऐकलं, ड्रायव्हरच्या बाजूनं आत वाकला, लिव्हरखालचं प्लास्टिक काढलं आणि केबलचा नट आवळला. चहा येईपर्यंत काम झालं. "घ्या पावणं. तिसऱ्या खटक्याला उभी."

खरंच तिसऱ्या खटक्याला उभी राहत होती. मेव्हणा म्हणाला, "बारकं काम हुतं. तुमी उगंच पुस्तक उघडून बसला."

माझं समाधान झालं नाही. केबल सैल होती हे कळलं, पण का सैल झाली हे कळलं नव्हतं. त्याच दिवशी मी गाडी घेऊन सासूबाईंना बघायला वडगावला गेलो. गाडी नेहमीसारखी पळत नव्हती, कोणीतरी मागून धरल्यासारखी जात होती. दारात उतरलो तर जळका वास. मागचं उजवं चाक हाताला सोसवेना. डावं थंड. आतून तांब्याभर पाणी आणलं आणि हातानं शिंपडलं. उजव्या चाकावर तव्यावर पडल्यासारखं चर्र झालं. डाव्यावरून पाणी नुसतंच ओघळून गेलं.

सासूबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या होत्या. "गाडीची दृष्ट काढाया लागलाय काय, पावणं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तपासतोय. "तपासा," त्या म्हणाल्या. "माझी लेक एसटीत उभी राहून येतीया. पाय सुजल्यात तिचं. मी बोलत न्हाई, पन दिसतंय मला."

एकाच लिव्हरनं दोन्ही चाकांचे ब्रेक ओढले जातात. केबल आवळल्यावर दोन्हीकडचे ब्रेक सारखे घासायला हवे होते. एक तापतंय आणि एक थंड आहे, याचा अर्थ थंड चाकावर ब्रेक लागतच नव्हता. नट आवळून मिस्त्रीनं सगळा भार उजव्या चाकावर टाकला होता. त्यातले लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, आणखी थोडे दिवस घासले असते आणि मग ते चाकही सुटलं असतं.

दुसऱ्या फेरीला, एक दिवसाची रजा टाकून, मी मिस्त्रीला मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेक-ड्रम उघडायला सांगितले.

"दोन्ही? उजवं चाललंय की ओ."

"दोन्ही."

मेव्हणा हसून त्याला म्हणाला, "उघड बाबा. दाजी कास्टिंग तपासत्यात. त्येंच्या हाताखालनं देवाची मूर्तीबी पास व्हायची न्हाई."

पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, जॅक लावून चाकं काढली. उजवा ड्रम सहज निघाला. आत कोरडं, लायनर झिजलेले पण दोन्ही बाजूंना सारखे. डावा ड्रम निघेना, तो हातोडीनं चारी बाजूंनी ठोकावा लागला. निघाला तेव्हा आतले लायनर काळे, चकचकीत, ओले होते.

"सिलिंडर गळतंय," मिस्त्री म्हणाला. पायाच्या ब्रेकचं तेल त्यातून गळत असतं तर बॉनेटखालच्या बाटलीत ते कमी व्हायला हवं होतं. बाटली रेघेपर्यंत भरलेली होती. सिलिंडरचं रबर मी पुसून पाहिलं, तेही कोरडं. मग लायनरवरचं तेल बोटावर घेऊन वास घेतला. डिझेल आणि जळकं ऑइल. मिस्त्रीनंही घेतला. मग तो गाडीखाली आडवा झाला आणि खालून ओरडला, "हितलं रबरी बूच कुठं गेलं? आनि हे सगळं ऑइल कुणी मारलंय?"

मेव्हणा मोबाइल बघत होता.

आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्यांना खालून डिझेल आणि जुनं ऑइल फवारतात, लोखंडाला गंज धरू नये म्हणून. धुण्याच्या सेंटरवर सांगितलं की गाडीलाही मारून देतात. मेव्हणा दरवर्षी दसऱ्याआधी मारून घ्यायचा. यंदाही घेतलं होतं. डाव्या ड्रमच्या मागच्या पत्र्याला तपासणीचं एक भोक असतं, त्यावर रबरी बूच असतं. ते कधीतरी पडलं होतं. फवारा त्या भोकातून थेट लायनरवर गेला होता.

"गंज धरत न्हाई मिस्त्री," मेव्हणा म्हणाला. "ट्रॉलीला आमी दरसाल मारतो."

"ट्रॉलीला मारत्यात की. ट्रॉलीला बिरेक कुठं आसतोय?"

यावर गॅरेजातले सगळे हसले. मेव्हणाही हसला, पण उशिरा.

पायाचा ब्रेक उरलेल्या तीन चाकांवर लागत होता, त्यामुळे चालत्या गाडीत काही जाणवलं नाही. उतारावर इतके दिवस उजव्या चाकानं एकट्यानं गाडी धरली होती, त्याचे लायनरही झिजत आले होते. आणि हँडब्रेकवर आम्ही पाच जणांनी कधी भार टाकलाच नव्हता. गाडी आमच्या हातात असती तर हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहिला असता. त्या ब्रेकवर विसंबणारी ती एकटी होती, आणि गाडी घसरली तेव्हा बोटंही तिच्याकडेच वळली.

दोन्हीकडचे लायनर नवे घातले. डावा ड्रम पेट्रोलनं धुऊन घेतला, बूच बसवलं. लिव्हरखालचा नट मिस्त्रीनं आधी पुरता सैल केला, मग चाकांमध्ये लायनर जुळवले आणि शेवटी केबल घेतली. पहिल्या वेळी शेवटचं काम आधी केल्यामुळे घोटाळा झाला होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं आणि त्या वेळच्या मजुरीचा विषय काढला नाही. लिव्हर सहाव्या खटक्याला घट्ट होत होता. सोडला की दोन्ही चाकं हातानं मोकळी फिरत होती.

घरी आल्याबरोबर मेव्हणा बहिणीला म्हणाला, "आक्का, तुझं काय चुकलं न्हाई बघ. बिरेकच खराब हुता." ऑइलचंही त्यानं सांगितलं, जरा पटापट. बायकोनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी ओढला हुता?"

मी म्हणालो, "ओढला असतास तरी गाडी गेली असती, एवढं कळलं. ओढला होतास का, ते यातून कळत नाही."

"आवो दाजी!" मेव्हणा उसळला. "हो म्हणा की. काय जातंय तुमचं?"

माझं काही जात नव्हतं. पण तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि हो म्हणालो असतो तरी तिला ते कळलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझं खोटं तिला आवाजावरून समजतं.

तिनं निवडत असलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे हे कधीच कळणार न्हाई?"

"नाही."

"आनि न ओढल्याचं काय हाय तुमच्याकडं?"

मी विचार केला. "काही नाही."

"रोज ओढतो त्याचं?"

"ते मी स्वतः बघितलंय. न ओढलेली तू मला कधी दिसली नाहीस."

"मग झालं की," ती म्हणाली. "त्या दिवशीच तेवढा कशाला न्हाई ओढणार मी?" तिनं भाजीची देठं गोळा केली, हात धुतले, सासूबाईंसाठी भरलेला डबा दारात आणून ठेवला आणि खुंटीवरची किल्ली घेतली.

गल्लीत उतारावर तिनं गाडी लावली. पायाचा ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. खाली उतरून ती डिकीजवळ आली. मेव्हणा कडेला उभा होता, त्याला म्हणाली, "मागं ये. हितं, गाडीच्या मागं उभा ऱ्हा."

"मी कशाला?"

"का? मिस्त्री तुझा दोस्त हाय न्हवं?"

तो आला, पण चपला सावरून, एक पाय बाजूला ठेवून. तिनं डिकी उघडली आणि आपटली. गाडी हलली नाही. पुन्हा आपटली. खालच्या काकू दारातून ओरडल्या, "आता येत न्हाई व्हय चहाला?" बायको म्हणाली, "न्हाई काकू, आता वडगावला निघालो." मेव्हणा म्हणाला, "आक्का, तिथं दारात उतार हाय, गिअरमध्ये पन टाक." तिनं डबा मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि गेली. त्या दिवशी सासूबाईंचं जेवण आमच्याकडचं होतं. सूर्य अजून बराच वर होता.

मी अंगणात थांबलो नाही. आत येऊन वर्तमानपत्र घेतलं, पण फोन जवळ ठेवला होता.

दिवे लागायच्या वेळेला फोन आला. सासूबाईंचा. त्या स्वतःहून मला फोन करत नाहीत, त्यामुळे मी उठून उभा राहिलो.

"पावणं, लेक निघाली बघा आत्ताच," त्या म्हणाल्या. "मी जेवलो. गोळ्याबी घेतल्या. तिला एक सांगा, आमटीत मीठ लई पडलं हुतं."

"तुम्हीच सांगायचं होतं तिला."

"न्हाई बोललो. तिला गाडी चालवायची हुती."